सातव्या पावलापर्यंत

इंदिरानगरच्या सिग्नलला, मेट्रोच्या खांबांखाली, ऑफिसची कॅब अडकली होती आणि नीलिमाला समोरच्या स्कूटरवर मागे बसलेली एक बाई दिसली. साठीची असेल. डोक्यावर पुरुषी, सैल हेल्मेट, एक हात पुढच्या माणसाच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात शहाळं, आणि तोंड उघडं टाकून खदाखदा हसत होती. किती सुखात आहे ही बया, असं नीलिमाच्या मनात आलं आणि जरासा हेवाही वाटला, कारण तिची स्वतःची सकाळ एका मीटिंगमध्ये नासली होती आणि दुपार दुसऱ्या मीटिंगमध्ये नासणार होती. सिग्नल सुटला, स्कूटर हलली, बाईनं पदर आवरला, आणि त्या पदराचा मोरपंखी काठ नीलिमाला ओळखू आला. ती साडी तिनंच गेल्या दिवाळीला घेतली होती. अगंबाई, ही तर आई! गुडघे दुखतात म्हणून दोन मजलेसुद्धा लिफ्टनं उतरणारी, या वेळी घरी आडवी होऊन रेडिओ ऐकत असायला हवी ती आई. पुढचा माणूस कोण, हा प्रश्न नंतर आला. आधी मनात आलं ते वेगळंच होतं: आईला ओळखायला आपल्याला साडी लागली. हसणारी आई तिनं इतक्या वर्षांत पाहिलीच नव्हती म्हणा, किंवा पाहिली असेल तर लक्षात ठेवली नव्हती. कॅबमधल्या शेजारच्या मुलीनं विचारलं, "आर यू ओके?" आणि नीलिमा म्हणाली, हो, एसी जास्त आहे.

संध्याकाळी महादेवपुऱ्याच्या अकराव्या मजल्यावर आईनं काहीच आडपडदा ठेवला नाही. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू," ती म्हणाली आणि कढीला फोडणी घालता घालता सगळं सांगून मोकळी झाली. आई, हेमलताबाई, म्हणजे नागपूरच्या मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई. नवरा गेल्यावर दोन बॅगा घेऊन लेकीकडे बंगळुरूला आली, त्याला आता नऊ वर्षं झाली. पहिली सात वर्षं तिला कन्नडमधलं एकच वाक्य येत होतं, 'कन्नडा बरल्ला', म्हणजे कन्नड येत नाही. मग सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये बाहेरून आलेल्यांसाठी मंगळवार-शुक्रवार कन्नडचा वर्ग सुरू झाला. शिकवायला डॉक्टर शिवकुमार. डॉक्टर म्हणजे गुरांचे; सगळी नोकरी आनेकल तालुक्यातल्या गाईम्हशींत काढलेले, मूळचे बेळगावकडचे, त्यामुळे मराठी आणि कन्नड दोन्ही त्यांच्या घरच्याच. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मुलगी पवित्रा लग्न होऊन वेगळी राहणारी. आई भाजीचा भाव विचारायला शिकायला गेली आणि ही गोष्ट घेऊन आली. "लग्नाचं विचारलंय त्यांनी," ती म्हणाली. "मी म्हटलं, लेकीला विचारते." नीलिमा म्हणाली, "माझी परवानगी कशाला लागते तुला?" आईनं गॅस बारीक केला. "परवानगी नाही मागून राहिली मी. तुझं 'हो' मागून राहिली. ते नसेल तर मला ते लग्न गोड लागणार नाही, आणि गोड लागणार नसेल तर मी करणार नाही. झालं. डॉक्टरांनाही सांगितलं आहे तसं." "तुला हवं ते कर, आई." "हे 'हो' नाही," आई म्हणाली. "हे प्रश्न सोडून पुढच्या प्रश्नाकडे जाणं आहे."

खरंच होतं ते. पुढच्या चार महिन्यांत नीलिमानं लग्नाचं प्रत्येक काम अंगावर घेतलं आणि तो एक शब्द तेवढा बाजूला ठेवला. लग्न केलंच तर बेटावर करायचं, असं आईनं ठरवलं होतं. फळ्यावर एवढी प्रवाळबेटं काढली, एकही डोळ्यांनी पाहिलेलं नाही, आणि बेटावर नागपूरची माणसं नाकं मुरडायला येणार नाहीत. अंदमानातलं एक लहानसं बेट नीलिमानं शोधलं, विमानाची तिकिटं काढली, बोट बुक केली, हरी गुरुजींना बंगळुरूहून न्यायचं ठरवलं, पूजेच्या सामानाची त्रेचाळीस ओळींची शीट केली आणि एकेका ओळीला हिरवा रंग देत गेली. कामं करत राहिलं की बोलावं लागत नाही, ही तिची जुनी विद्या. बाबा गेले तेव्हाही तिनं दाखले, सह्या, बँका सगळं तीन आठवड्यांत उरकलं होतं आणि लोक म्हणाले होते, पोरगी वाघीण आहे हो. वाघीण कसली! रडायची फुरसत राहू नये म्हणून पळत होती. आताही शिवकुमार जेवायला आले की ती त्यांना वाढायची, 'अंकल, आणखी भात?' म्हणायची, आणि मनात त्यांची एकेक चूक टिपून ठेवायची: जेवताना ताटावर वाकतात, बुटांची नाडी सुटलेली, प्रत्येक वाक्याला 'की' लावतात. बाबांचं नाव पुढे करणं सोपं होतं. बाबांच्या जागी दुसरा माणूस कसा चालेल, असं म्हणून बघितलंही तिनं, बाथरूममध्ये, स्वतःशीच, आणि ते खोटं आहे हे तिला तोंड पुसायच्या आत कळलं. बाबांना काय, ते सुटले. प्रश्न तिचा होता. छत्तीस वर्षं पूर्ण झाली होती, लग्नाचं जमलं नव्हतं आणि आता जमावं असंही वाटत नव्हतं, आणि रोज दार उघडलं की आतून 'आलीस?' असं कुणीतरी विचारायचं. ते विचारणारं माणूस आता चार गल्ल्या सोडून दुसऱ्याच्या घरी जाणार होतं. मी एकटी पडेन. एवढंच होतं सगळं, आणि एवढं एक वाक्य आईला सांगायची तिला लाज वाटत होती.

बेटावर पोचले त्या दुपारी उधाणाची ओहोटी होती. नीलिमा खोलीत बॅगा मोजत होती तर आई दारात येऊन उभी. "चल," म्हणाली, आणि हात धरून ओढतच घेऊन गेली. झाडं वाळूवर पार वाकलेली होती, त्यांच्या पलीकडे समुद्र असायला हवा होता, पण समुद्र नव्हताच. तो अर्धा किलोमीटर मागे सरकला होता आणि त्यानं आपली जमीन तशीच उघडी टाकली होती. ओल्या खडकांत लहान लहान डबकी, त्यात आकाश, आणि प्रत्येक डबक्यात कुणीतरी राहत होतं. निळ्याशार, अगदी शाईत बुडवून काढलेल्या तारामासोळ्या. काळ्या काकड्यांसारखं काहीतरी, जे हलत नव्हतं आणि मग हललं. हातभर लांबीचा एक शिंपला खडकात रुतून बसला होता, त्याचे ओठ जांभळे-निळे, मखमली, आणि नीलिमाची सावली त्याच्यावर पडली तसे ते ओठ हळूच मिटले. ती दचकून मागे सरली. आपल्या सावलीचंसुद्धा कुणाला इतकं कळतं! आई पुढे चालली होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचून, फक्त वाळूवर पाय ठेवत, आणि वर्गातल्या आवाजात सांगत होती: "किनाऱ्याला लागून प्रवाळ असतो तो अनुतट. मध्ये खोल पाणी असेल तर रोधक. आणि गोल, कड्यासारखं, ते कंकणद्वीप. परीक्षेला हमखास. हे बघ, हा अनुतट, आणि ती तिकडं पांढरी रेघ दिसते नं, लाट फुटते ती, तिथं याची कड..." आणि आई थांबली. वाक्य तसंच अर्धं राहिलं. वारा होता, पाण्याचा लांबून येणारा एकसारखा आवाज होता. नीलिमाला वाटलं, आईला चक्कर येतेय, आणि ती धावली. आई रडत होती. "बरोबर शिकवलं मी," ती म्हणाली. "नीलू, पोरींना मी सगळं बरोबर शिकवलं गं. न बघता." नीलिमानं तिचा हात धरला. तिला आठवली खडूनं भरलेली आईची उजवी बाही, रविवारी स्वयंपाकघरात तपासायला पसरलेले नकाशे, आणि तिथं बसून निळी पेन्सिल मागणारी आपण. त्या वेळी ही बाई समुद्र बघितल्याशिवाय समुद्र काढत होती. आपण तिच्या कुशीत झोपत होतो आणि ती रोज एवढं मोठं काही न बघता खरं मानत होती. नीलिमाला आईची एकदम भीतीच वाटली, देवळात मोठ्या मूर्तीसमोर लहानपणी वाटायची तशी.

दुसऱ्या दिवशी समुद्र परत आला होता, हिरवागार, काठोकाठ, काल इथं काही नव्हतंच अशा थाटात. आई साडीसकट त्यात गळ्यापर्यंत उभी होती आणि फक्त तिचं पांढरं डोकं दिसत होतं. नीलिमाला धडकी भरली. काठावर शिवकुमार उभे होते, पॅंट दुमडलेली, दोन्ही हातांत आईच्या चपला, आणि नजर त्या डोक्यावरून काही केल्या हलत नव्हती. "अंकल, तुम्ही का नाही गेलात तिच्याबरोबर?" तिनं जरा फणकाऱ्यानंच विचारलं. "मला पोहायला येत नाही की," ते म्हणाले. "पाण्याची भीती वाटतंय मला, खोटं कशाला बोलू? तो जाकीटवाला पोरगा आहे बघ तिथं तिच्या बाजूला, त्याला सांगून ठेवलंय. मी गेलो तर दोघं बुडतील. म्हणून इथं थांबलोय." "किती वेळ?" "ती येईपर्यंत." हे त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की त्यावर चिडायचं कसं हेच तिला कळेना. बाबा असते तर? बाबांनी आईला पाण्यात जाऊच दिलं नसतं. प्रेमानंच नसतं जाऊ दिलं. सर्दी होईल, म्हणाले असते, आणि आईनं ऐकलं असतं, आणि सगळे वेळेवर जेवले असते. बाबा वाईट नव्हते गं, तिनं कुणाला तरी मनातल्या मनात सांगितलं. संध्याकाळी केस पुसताना आईनं एकदाच विषय काढला. "उद्या लग्न आहे, नीलू." "उद्या सांगते, आई." "बरं. गुरुजींना विचारलंय मी. सातवं पाऊल पडल्याशिवाय लग्न पूर्ण होत नाही म्हणाले. तेवढा वेळ आहे तुला. हातातून पेपर ओढेपर्यंत पोरींना लिहू द्यायची मी." आणि हसली, पण हसू पुरतं उमटलं नाही. त्या बाईनं सगळा जीव टांगणीला लावून ठेवला होता आणि वर आपल्यालाच वेळ वाढवून देत होती. नको म्हटलं तर ती खरंच पाटावरून उठेल, उद्या बंगळुरूला परत येईल, रोज दारात 'आलीस?' विचारेल आणि एका अक्षरानंही बोलून दाखवणार नाही, हे नीलिमाला पक्कं ठाऊक होतं. तेच तर तिला हवं होतं. तेच मिळेल या विचारानं तिच्या तोंडचं पाणी पळालं.

सकाळी नऊ वाजता वाळूवर मांडव होता, म्हणजे चार बांबू आणि झेंडूच्या माळा. वाऱ्यानं होम पेटेना, तेव्हा हॉटेलवाल्यानं कुठून तरी दोन पत्रे आणून आडोसा केला. लोक म्हणाल तर सगळे मिळून सहा: आई, शिवकुमार, पवित्रा, तिचा नवरा, नीलिमा आणि गुरुजी. अंतरपाट झाला, हार झाले, मंगळसूत्र झालं. पवित्रा फोटो काढत मध्येच डोळे पुसत होती. नीलिमा कडेला उभी राहून शीटप्रमाणे एकेक वस्तू पुढे करत होती. लाजाहोमाची वेळ आली, तिनं लाह्यांची पिशवी दिली, गुरुजींनी आत बोटं घातली आणि कपाळाला हात लावला. "अहो ताई, हे चुरमुरे! भेळ करायची आहे का इथं? होमाला साळीच्या लाह्या लागतात, न उकडता भाजलेल्या." नीलिमाचं तोंड उतरलं. त्रेचाळीस ओळी, सगळ्या हिरव्या, आणि हे! दुकानात तिनं स्वतः बघून, पॅकेटवरची तारीख वाचून घेतले होते. शिवकुमार खाली मान घालून कोटाच्या खिशात काहीतरी चाचपत होते. त्यांनी कापडाची एक पुरचुंडी काढली. "अरळु आहे. लाह्याच. आनेकलला गंगव्वा म्हणून म्हातारी आहे, ती वाळूत भाजून देतंय. तिच्याकडून आणून ठेवल्या होत्या स्वल्प." ते नीलिमाकडे बघत नव्हते. "तुझं चुकणार म्हणून नव्हे हं. तुझ्या हातानं पडायच्या आहेत, कमी पडू नयेत म्हणून." "माझ्या हातानं?" नीलिमा म्हणाली. गुरुजी म्हणाले, "वधूचा भाऊ ओंजळीत लाह्या घालतो ना. भाऊ कोण आहे?" शीटमध्ये कापूर होता, दर्भ होता, तुपाचं वजन होतं. माणूस कुणी लिहिलाच नव्हता. आई हळू आवाजात म्हणाली, "माझ्या बाजूची ही एवढीच आहे."

तिनं लाह्या घातल्या. आईची ओंजळ वर, तिच्याखाली शिवकुमारांची, आणि नीलिमाच्या मुठीतून लाह्या पडत होत्या. काही वाऱ्यानं उडाल्या, वाळूवर पांढऱ्या पांढऱ्या पसरल्या. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. आईचे तळवे इतके जवळून तिनं कधी पाहिले होते? रेषा, खडूनं कायमची कोरडी झालेली बोटं. गुरुजी म्हणाले, "आता कानपिळी. वधूच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा. माझ्या बहिणीला नीट सांभाळ, म्हणून. मग सप्तपदी." पवित्राला ही रीत ठाऊक नव्हती, ती हसून हसून वाकली. "अय्यो अप्पा! आता पुरे तुमचं!" शिवकुमारही हसले. "आयुष्यभर गुरांचे कान धरले, बिल्ले ठोकायला. आज माझ्यावर पाळी आली बघ. सरी, बरं, धर." आणि त्यांनी आधी नीलिमाचा उजवा हात ओढून उलटा केला, मान वाकवली, आपल्या डाव्या कानात बोट घातलं आणि काहीतरी काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. हरभऱ्याएवढं, ऐकू येण्याचं यंत्र. अंगाच्या उबेनं गरम होतं. "हे पिळलं तर शिट्टी मारतंय," ते म्हणाले, जरा मोठ्यानं.

नीलिमा त्या वस्तूकडे बघत राहिली. एवढे महिने हा माणूस आपल्या घरात जेवत होता. ताटावर वाकतो म्हणून आपण नाक मुरडत होतो. तो आपलं बोलणं ऐकायला वाकत होता. विमानतळाला जाताना गाडीत आपण याच्या डाव्या बाजूला बसून, ओठांतल्या ओठांत, 'फुकटची बायको मिळाली' असं म्हणालो होतो आणि हा खिडकीबाहेर बघून हसला होता, आणि आपल्याला वाटलं होतं, काय निगरगट्ट आहे. अरे देवा, त्याला ते ऐकूच आलं नसणार. आणि आईला हे ठाऊक असणार. आई नेहमी त्याच्या उजव्या हाताला बसायची. तिला लाज वाटली, कान तापले, आणि लाजेच्या खाली दुसरंच काहीतरी भरतीसारखं वर चढत आलं, ज्याला नाव नव्हतं, फक्त जागा लागत होती. या दोघांनी एकमेकांबद्दल किती काय माहीत करून घेतलं होतं! कुठल्या बाजूला बसायचं, किती वेळ काठावर थांबायचं. एवढ्या वयात, इतक्या निमूटपणे, आपल्या नाकासमोर. तिनं यंत्र मुठीत घट्ट धरलं आणि दुसऱ्या हातानं तो कान पकडला. मऊ होता, म्हातारा होता, पाळीवर दोन लांब केस होते. तिनं वाकून त्यात सांगितलं, "हो."

"काय?" शिवकुमार म्हणाले.

अर्थात. तिनं आईकडे पाहिलं. आई होमाच्या पलीकडे, पायांपुढे गुरुजींनी मांडलेल्या तांदळाच्या सात राशींकडे बघत उभी होती, आणि पहिल्या राशीपाशी तिचं उजवं पाऊल अडलं होतं. तिनंही ऐकलं नव्हतं. लाटा पत्र्याच्या मागे धडाधडा फुटत होत्या. मी एकटी पडेन, नीलिमाला वाटलं, आणि ते तेवढंच खरं होतं जेवढं काल होतं, त्यात काडीचा फरक पडला नव्हता. तिनं छाती भरून वारा घेतला.

"हो!" ती ओरडली. आवाज फाटला तिचा. "आई, हो! हो म्हणते मी! मला एकटीला फार जड जाणार आहे गं, तरी हो!"

हॉटेलचा आचारी झारा हातात घेऊन बाहेर आला. पवित्राचा फोन खाली आला. शिवकुमार कान तसाच तिच्या हातात ठेवून, वाकलेल्या मानेनं, तिच्या ओठांकडे बघत होते. आईनं मान वर केली. डोळे भरून वाहत होते, नाक लाल झालं होतं, आणि आवाज मात्र अगदी वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"ऐकू आलं," ती म्हणाली. "आता त्यांचा कान सोड बाई, मला सात पावलं चालायची आहेत."